'हुशार' आणि 'ढ' : शब्द दोन, शिकवण एकच

पालकसभेत सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर आपण सगळे शिक्षक एका सुरात सांगू : "आमचा हुशार आहे हो सर, फक्त अभ्यास करत नाही." त्याच सभेत जरा मागे बसलेली एखादी आई हळूच म्हणते, "आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही बाई, हिला तरी कुठून येणार!"

पहिल्या वाक्यात कौतुक आहे, दुसऱ्यात हताशपणा. पण नीट ऐकलंत तर दोन्हींमागची समजूत एकच आहे. बुद्धी ही जन्माला येतानाच मापून मिळते. कुणाला पायलीभर, कुणाला चिपटंभर. जेवढी मिळाली तेवढ्यावर आयुष्य काढायचं.

आपल्या भाषेतही ही समजूत खोलवर रुजलेली आहे. 'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' आणि 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' या म्हणी आपण सहज वापरतो. त्याच वेळी फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने 'प्रयत्नांती परमेश्वर' हा सुविचारही लिहितो. मुलं फळ्यावरचा सुविचार वाचतात खरी, पण वर्ग कोणत्या म्हणीवर चालतो हे त्यांना बरोबर कळतं. पहिल्या बाकावर कोण, प्रश्न कुणाला विचारले जातात, उत्तरासाठी कुणाची वाट पाहिली जाते आणि कुणाला "बस खाली" म्हटलं जातं, हे ती रोज बघत असतात.

शिक्षक आणि पालक मित्रहो, या समजुतीचा मुलांच्या कष्टांवर आणि यशावर काय परिणाम होतो, याबद्दल मला जे वाटतं ते आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

मूल यातून काय हिशेब करतं?

परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहा. वर्गातली चार 'हुशार' मुलं एकमेकांना काय सांगत असतात? "मी तर काहीच वाचलं नाही रे!" खरं तर रात्री उशिरापर्यंत जागून अभ्यास झालेला असतो. मग लपवायचं कशाला? कारण मुलाने मनाशी एक हिशेब केलेला असतो. हुशार म्हणजे ज्याला न करता येतं तो. मग ज्याला करावं लागतं, तो हुशार नाही. म्हणजे अभ्यास ही कमीपणाची खूण झाली. अशा मुलाला अवघड गणित समोर आलं की आनंद होत नाही, धास्ती वाटते. हे सुटलं नाही तर आपलं बिंग फुटेल!

आता दुसऱ्या टोकाचं मूल घ्या. त्याच्यावर 'ढ'चा शिक्का बसलेला आहे. त्यालाही एक सोय सापडलेली असते. गणित केलंच नाही तर "केलं नाही म्हणून आलं नाही" असं म्हणता येतं. मनापासून केलं आणि तरीही चुकलं, तर मग काय म्हणायचं? म्हणून वही घरी विसरते, पेन्सिलीला दहा वेळा टोक केलं जातं, उदाहरण फळ्यावर आलं की नेमकी तहान लागते. आपण त्याला आळस म्हणतो. माझ्या मते बऱ्याचदा तो उरलासुरला मान वाचवण्याचा प्रयत्न असतो.

म्हणजे बघा, एकाला आपण वर चढवलं आणि दुसऱ्याला खाली ढकललं. पण शिकवण दोघांना एकच मिळाली : प्रयत्न करणं धोक्याचं आहे.

प्रयोग काय सांगतात?

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. क्लॉडिया म्युलर यांच्यासोबत त्यांनी केलेले अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. आपल्या बुद्धिमत्ता चाचणीत असतात ना, तशीच. पहिली कोडी बेताची होती. ती झाल्यावर सगळ्यांना छान जमल्याचं सांगितलं. मात्र काही मुलांना जोडीने 'तू हुशार आहेस' असं म्हटलं, तर काहींना 'तू चांगली मेहनत घेतलेली दिसते' असं म्हटलं. फरक केवळ या एका वाक्याचा.

मग पुढे काय करायला आवडेल ते विचारलं. मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी ज्यातून शिकायला मिळेल असं काम निवडलं. हुशारीचं कौतुक झालेल्यांपैकी बहुतेकांनी ज्यात आपण चांगले दिसू असं काम निवडलं. नंतर सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी. या शेवटच्या फेरीत 'मेहनती' मुलांचे गुण पहिल्यापेक्षा वाढले, तर 'हुशार' मुलांचे चक्क कमी झाले. आणखी एक गोष्ट मनाला लागणारी आहे. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले गुण लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेल्या दर दहा मुलांपैकी जवळपास चौघांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारी मुलं दहांत एखाद-दुसरी. परीक्षेच्या सकाळचं "मी काहीच वाचलं नाही" याच जातीचं आहे, नाही का?

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात न्यूयॉर्कमधल्या ३७३ मुलांकडे सातवीपासून दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. बुद्धी वाढवता येते असं मानणारी आणि ती ठरलेली असते असं मानणारी मुलं सातवीत आली, तेव्हा गणितात साधारण सारखीच होती. दोन वर्षांत पहिल्या गटाचे गुण चढत गेले आणि दोघांमधलं अंतर वाढत गेलं.

बुद्धिमत्ता चाचणीची गंमत

बुद्धिमापनाची पहिली वापरात आलेली चाचणी फ्रान्समधल्या आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासोबत १९०५ साली तयार केली. हेतू काय होता? शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हेरून त्यांना जादा मदत देणं. बुद्धी म्हणजे न बदलणारं माप, हे म्हणणं खुद्द बिने यांनी १९०९ सालच्या पुस्तकात खोडून काढलं होतं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष देण्याचे, लक्षात ठेवण्याचे व्यायामही सुचवले होते. ज्याने मोजपट्टी बनवली तोच सांगत होता की हिच्यावरून मुलाचं भविष्य ठरवू नका. पुढे जगाने मोजपट्टी तेवढी घेतली.

आता आपल्याकडे या. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेच्या जोडीला 'बुद्धिमत्ता चाचणी' असते. संख्यामालिका, विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, रांगेतलं स्थान. या विषयाची आपण तयारी कशी करून घेतो? जादा तास घेतो, सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेतो, चुकलेले प्रश्न पुन्हा समजावतो. जूनमध्ये पन्नासातले पंधरा प्रश्न सोडवणारं मूल परीक्षेपर्यंत पस्तीस-चाळीसवर गेल्याचं शिष्यवृत्तीचा वर्ग घेणाऱ्या कुणालाही नवल वाटत नाही. सगळे प्रकार आधी सोडवून झाल्यामुळे तो आकडा वाढतो हे खरं, पण शिकणं शिकणं म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? ज्या पेपराचं नावच बुद्धिमत्ता, त्याचाही सराव होतो आणि त्यातही प्रगती होते, हे आपण दरवर्षी डोळ्यांनी बघतो. तरी पालकसभेत "मुळात डोकं लागतं" म्हणून मोकळे होतो.

माणसामाणसांत फरक नसतोच, असं माझं म्हणणं नाही. एखाद्याला सूर लवकर सापडतो, एखाद्याला आकडे. कुणी दोन उदाहरणांत शिकतं, कुणाला बारा लागतात. माझं म्हणणं इतकंच की बारा लागणाऱ्याला आपण दोनच देतो आणि मग 'याला येत नाही' असा निकाल लावतो.

कुणाला 'ढ' म्हटलं जातं?

हा प्रश्न सुट्या मुलापुरता असता तर त्याची एवढी काळजी वाटली नसती. आपल्या समाजात बुद्धीचं वाटप जन्मावरून झालंय असं शतकानुशतकं मानलं गेलं. मुलींना आणि शूद्रातिशूद्र मानल्या गेलेल्यांना विद्या पेलणारच नाही, असं सांगितलं जात होतं. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा लढाई या समजुतीशीही होती. ती समजूत गेली का? "मुलींना गणित जरा जडच जातं", "या वस्तीतली मुलं काय शिकणार" ही वाक्यं आजही शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतात.

अशा समजुतीचं ओझं मुलाच्या हातातल्या पेन्सिलीवर कसं येतं, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत दाखवून दिलं. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, जितके सुटतील तितके पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च मानलेल्या आणि खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात जाहीर केली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच, मुलं तशीच. बदललं ते एवढंच की समोरचा आपल्याला काय समजतो, याची आठवण त्यांना करून दिली गेली.

आपल्या 'अ' ते 'ड' तुकड्या गुणांवरून लागतात, तेव्हा मुलांना आपण रोज हीच आठवण करून देत असतो. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात 'अप्रगत' हा शब्द आपल्या तोंडी रुळला. तो यादीतल्या रकान्यापुरता होता, पण "अप्रगत मुलं इकडे बसा" असं वर्गात म्हटलं गेलं की तो मुलाच्या कपाळावर जातो.

मग 'मेहनत कर' म्हटलं की झालं का?

इथे मला जरा वेगळं बोलायचं आहे. 'ग्रोथ माइंडसेट' हा शब्द आता शिक्षक-प्रशिक्षणांमधून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. भिंतीवर तक्ते लागतात, परिपाठात गोष्टी सांगितल्या जातात, मुलांकडून 'मी करू शकतो' असं वदवून घेतलं जातं. एवढ्याने काम होतं का? पुरावे सांगतात की आपोआप होत नाही. इंग्लंडमध्ये १०० हून अधिक प्राथमिक शाळांचा समावेश असलेल्या एका प्रयोगात शिक्षकांना प्रशिक्षण देऊन मुलांना हे धडे दिले गेले. २०१९ साली त्याचा अहवाल आला. भाषा आणि गणितातल्या प्रगतीत फरक दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे असलेल्या मुलांचे गुण थोडे वाढले, पण थोडेच. आणि जिथे सोबतची मुलं अवघड कामाला हात घालण्याला नावं ठेवत नव्हती, तिथे जास्त. त्याच मोठ्या अभ्यासातून २०२२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. बुद्धी वाढू शकते असं ज्यांचे गणिताचे शिक्षक स्वतः मानत होते, त्यांच्या वर्गात धड्याचा उपयोग झाला. जे शिक्षक तसं मानत नव्हते, त्यांच्या वर्गात तो वाया गेला.

मला यातून कळलेली गोष्ट साधी आहे. 'प्रयत्नाने जमतं' हे मुलाला सांगून पटत नाही. ते त्याला स्वतःच्या वहीत दिसावं लागतं. काल न जमलेलं आज जमलं, याचा पुरावा हातात आला तरच विश्वास बसतो. आणि तो पुरावा तयार करणं हे मुलाचं एकट्याचं काम नाही, आपलं आहे.

नुसत्या 'मेहनत कर'मध्ये एक धोकाही आहे. उद्या आपण 'ढ' म्हणणं सोडू आणि "तू मेहनतच केली नाहीस" म्हणू. म्हणजे शब्द बदलला, खापर मुलाच्याच डोक्यावर. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांसोबत जे मूल दिवाळीच्या सुमारास फडावर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, त्याचा अपूर्णांकांचा पाठच बुडालेला असतो. तिथे फडावर ते धाकट्या भावंडाला सांभाळतं, पाणी भरतं, वाढं गोळा करतं. त्याला मेहनत शिकवणारे आपण कोण? त्याला शिकवण्याची गरज आहे, तीही जिथे सुटलं तिथून. चुकीच्या पद्धतीने शंभर गणितं करणाऱ्याला आणखी शंभर करायला सांगणं ही शिक्षा झाली. मेहनतीला वाट दाखवली तरच मेहनत फळते.

वर्गात काय करता येईल?

एक उदाहरण घेऊ. मुलाने लिहिलं : १/२ + १/३ = २/५. आपण लाल फुली मारतो आणि पुढे जातो. त्या फुलीतून मुलाला कळतं की 'मला येत नाही'. आता फुली न मारता विचारून बघा : "अर्ध्या भाकरीत आणखी एक तृतीयांश भाकरी घातली, तर भाकरी वाढेल की कमी होईल?" वाढेल. "मग तुझं २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?" मूल थांबतं. पाच तुकड्यांतले दोन म्हणजे अर्ध्याहूनही कमी! घातली भाकरी आणि उरली कमी? ते आपणहून हसतं. मग सारखे तुकडे करायची गरज त्याला स्वतःलाच वाटते, आणि ३/६ आणि २/६ मिळून ५/६ हे उत्तर त्याचं होतं. किंवा ५२ – २७ = ३५ बघा. मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय. यात डोकं नाही असं कुठे आहे? त्याने नियम लावलाय, फक्त चुकीचा. चूक वाचता आली की मुलाला सांगता येतं : "तू इथपर्यंत बरोबर आलास, गाडी या ठिकाणी घसरली."

यासाठी तीन सवयी उपयोगी पडतात.

पहिली, दुसरी संधी. चाचणीचा पेपर परत दिल्यावर चुकलेली उदाहरणं दुरुस्त करायला एक तास ठेवा आणि त्या दुरुस्तीची दखल आकारिक मूल्यमापनात घ्या. पेपर परत मिळाला की विषय संपला, असं मुलाला वाटू देऊ नका.

दुसरी, नोंदी. २०१० पासून आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो. 'गणितात प्रगती हवी', 'अभ्यासात सातत्य हवे' हे लिहून पालकाला काय कळतं? त्याऐवजी 'हातच्याची वजाबाकी आता जमते, शून्य असलेल्या संख्येत अजून अडखळते' असं लिहा. पहिल्या नोंदीत मुलावर शेरा आहे, दुसरीत पुढचा रस्ता आहे. वेळ जास्त लागतो, हे मान्य. पटावर साठ मुलं असतील तर सगळ्यांचं एकदम होणार नाही. आठवड्याला दहा मुलांपासून सुरुवात होऊ शकते.

तिसरी, जुन्या वह्या. जूनमधलं पान आणि डिसेंबरमधलं पान शेजारी ठेवून मुलालाच विचारा, काय बदललं? ज्याला वर्गात कधीच नंबर मिळत नाही, त्यालाही इथे स्वतःपेक्षा पुढे गेलेलं बघता येतं.

पालकांनो, घरात काय करता येईल?

"किती मार्क पडले?" या प्रश्नाआधी "आज काय अवघड गेलं?" असं विचारून बघा. सुरुवातीला मूल गप्प बसेल, कारण अवघड गेलेलं सांगायची सवय नाही. पण रोज विचारलंत तर आठवड्याभरात बोलू लागेल. शेजारच्या मुलाशी तुलना नको. "मलाही गणित येत नव्हतं" हे वाक्य मुलासमोर लाडाने म्हणू नका. मूल ते वारसाहक्काने घेतं. आणि मुलाला सगळं पटकन आलं, तर "किती हुशार!" म्हणून थांबू नका. "हे तुला सोपं गेलं, चल जरा अवघड बघू" म्हणा. तुम्ही शिकलेले नसाल तरी काही अडत नाही. "मला समजावून सांग" म्हणून समोर बसलात, तरी मुलाचा निम्मा अभ्यास होतो.

'हुशार' हा शब्द शब्दकोशातून काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तोंडात बसलेला शब्द, तो येणारच. पण पुढच्या वेळी तुम्ही एखाद्या मुलाला हुशार म्हणाल किंवा मनातल्या मनात ढ ठरवाल, तेव्हा त्याची वही उघडून एक चूक शोधा. ती का झाली असेल हे त्यालाच विचारा, आणि दोन दिवसांनी तेच उदाहरण पुन्हा सोडवायला द्या. सुटलं तर दोन्ही पानं त्याला दाखवा. नाही सुटलं, तर आपल्याला समजावण्याची दुसरी रीत शोधायची आहे, एवढंच समजा.